विहीर आटली, मग ‘अप’ कुठून आलं?

मार्च सरत आला होता. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव. विहिरींचे तळ दिसू लागले की वर्गातल्या मुली गैरहजर का, हे विचारावं लागत नाही. सातवीवर इंग्रजीचा तास चालू होता. मी फळ्यावर फ्रेजल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द जोडून होणाऱ्या जोड-क्रियापदांची, यादी लिहीत होतो, समोर मराठी अर्थ. ‘ड्राय अप : आटणे, कोरडे पडणे.’ खाली वाक्य, ‘द वेल ड्राइड अप.’ तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली, आठच दिवसांपूर्वी परत आलेली. म्हणाली, “सर, पाणी तं खाली गेलं ना? मग ‘अप’ कामून?”

१९ वर्षं मी इंग्रजी शिकवतोय. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी म्हणालो, “इंग्रजीत तसंच असतं. पाठ करून टाक.” ती खाली बसली आणि खरंच पाठ करायला लागली.

घरी जाताना मला माझंच वाक्य टोचायला लागलं. पाठ करून टाक. टाक म्हणजे काय? कचरा टाकतात, सडा टाकतात, पाऊल टाकतात, मत टाकतात. पाऊस ओढ देतो तेव्हा सोयाबीन मान टाकतं. सासू सुनेला टाकून बोलते. नवरा बायकोला टाकतो, तेव्हा तर या शब्दात एका बाईचा अख्खा जन्म येतो. आणि ‘करून टाक’ म्हणताना यातलं काहीच टाकायचं नसतं. तिथे ‘टाक’ म्हणजे एकदाचं पुरतं करून मोकळं हो. हे त्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिला ते कळलं. तिने वही कोपऱ्यात फेकली नाही, पाठ करायला घेतली. ‘टाकणे’चा शब्दशः अर्थ आणि लांबून आलेला अर्थ यातला कुठला कधी घ्यायचा, हे तिच्या अंगात होतं. तिने विचारलेल्या ‘अप’चं उत्तर माझ्याच तोंडातल्या ‘टाक’मध्ये होतं, आणि मी तिला गप्प बसवलं.

ते उत्तर असं आहे. ‘अप’ म्हणजे वर, हा पहिला अर्थ. घागर नळाखाली धरली की पाणी चढत चढत काठाला येतं. काठाला आलं म्हणजे पुरतं भरलं. ‘फिल अप’मध्ये वर जाणं आणि पुरतं होणं एकाच जागी भेटतात. तिथून ‘अप’ पुढे जातं आणि वर जाण्याचा अर्थ मागे पडून ‘पुरतं, शेवटपर्यंत’ एवढाच उरतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘टिअर अप’ म्हणजे फाडून टाक. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. आणि ‘ड्राय अप’ म्हणजे आटून जाणं, थेंब न उरणं. आपण म्हणतो ‘आटून गेली’. विहीर कुठे गेली? ती जागच्या जागीच आहे. आपल्या ‘जाणे’ने जे काम केलं तेच त्यांच्या ‘अप’ने केलं. ‘धरण कोरडं पडलं’ म्हणतानाही धरण कुठून खाली पडलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन आधी त्या मुलीला सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक होतं. मग फळा मधोमध आखला. एका बाजूला ‘आटणे’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘ड्राय अप’. म्हटलं, घरात, रानात, गावात काय काय आटतं ते सांगा. पहिल्यांदा विहीर, आड, बोअर, तलाव आले. मग चुलीवरचं दूध आलं. एक जण म्हणाला, आमची म्हैस आटली. एकीने सांगितलं, आजोबा म्हणतात रक्त आटवून जमीन घेतली. कुणी म्हणालं, मामाचं येणंजाणं आटलं. ती ऊसतोडीची मुलगी सगळ्यात शेवटी बोलली. “फडात आईचं दूध आटलं, मग बाळाला गाईचं पाजलं.” वर्ग गप्प झाला. त्यातल्या निम्म्या मुलांनी उसाचा फड पाहिलेला आहे.

मी एकेक शब्द उजवीकडे नेऊ लागलो. विहीर ‘ड्राय अप’ होते. आईचं दूधही इंग्रजीत ‘ड्राय अप’च होतं, म्हशीला मात्र ते ‘गो ड्राय’ म्हणतात. पैशाचा ओघ ‘ड्राय अप’ होतो. चुलीवरचं दूध तसं होत नाही, त्याला इंग्रजीत ‘बॉइल डाउन’ म्हणतात, आणि तिथे ‘डाउन’ आहे कारण पातेल्यातली पातळी खरंच खाली जाते. रक्त आटवणं तिकडे नाही. उलट त्यांच्याकडे जे आहे ते आपल्याकडे नाही. नाटकात नट भाषण विसरून उभा राहिला तर तोही ‘ड्राय अप’ होतो. इंग्लंडात जेवणानंतर धुतलेली भांडी फडक्याने कोरडी करणं, हेही ‘ड्राय अप’. ४० मिनिटांच्या तासात एक क्रियापद झालं. यादीतली उरलेली नऊ राहून गेली आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

त्या तासाला निम्म्याहून जास्त वेळ मराठी बोलली गेली. मला जे म्हणायचं आहे ते याच्याशी बांधलेलं आहे. मराठवाड्यातल्या मराठी शाळांमध्ये इंग्रजी शिकवताना मराठीला वर्गाबाहेर उभं करणं बंद झालं पाहिजे. नाइलाजाने, चोरून, कच्च्या मुलांसाठी म्हणून मराठी वापरायची, असं मी म्हणत नाही. उघडपणे, पाठ्यपुस्तकात, प्रशिक्षणात आणि प्रश्नपत्रिकेत तिला जागा हवी. इंग्रजीत जे सगळ्यात अवघड आहे ते आमच्या मुलांना मराठीत आधीच येतं.

फ्रेजल व्हर्ब अवघड आहेत ही तक्रार आपल्यापासून सुरू होत नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये इंग्रजीचा आपला मोठा शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की क्रियापदाला शेपटासारखा छोटा शब्द जोडून अर्थ फिरवायची आमच्या भाषेला फार सवय आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण त्याचीच होते. या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापील रूपात रूढ झालं ते १९२५ मध्ये, लोगन पीअर्सल स्मिथ यांच्या लेखनातून. ते नाव सुचवलं होतं ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. पुढे १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी परक्यांसाठी सोपी इंग्रजी तयार केली. एकूण शब्द ८५०, त्यात क्रियापदं जेमतेम १८. ‘एंटर’ काढलं, ‘गो इन’ ठेवलं. ‘सरेंडर’ काढलं, ‘गिव्ह अप’ ठेवलं. कागदावर भाषा लहान झाली, पण सगळा भार ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’ या चिमुकल्या शब्दांवर आला, आणि परक्याला तेच तर कळत नव्हते. स्पेलिंग सोपं म्हणून शब्द सोपा, हा समज त्यांचाही होता आणि आमच्याही शाळांमध्ये आहे.

याचा परिणाम आपल्या शिकलेल्या माणसांच्या इंग्रजीत दिसतो. आपण ‘पोस्टपोन’ म्हणतो, ‘पुट ऑफ’ तोंडात येत नाही. ‘टॉलरेट’ म्हणतो, ‘पुट अप विथ’ नाही. आपली इंग्रजी कचेरीतली आहे, कारण कचेरीतल्या शब्दांना एकास एक मराठी अर्थ लावून ते पाठ करता येतात. इंग्रज जी भाषा स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर बोलतो तिथपर्यंत आपण पोचतच नाही. दहावीला इंग्रजीत चांगले गुण मिळवलेली आमची मुलं पुण्याला कॉलेजात जातात आणि सहा महिने गप्प बसतात. त्यांना वाटतं आपण कच्चे. त्यांनी जे शिकायचं ते सगळं शिकलेलं असतं, शिकवणाऱ्यांनीच चुकीच्या भागावर दहा वर्षं घालवलेली असतात.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० मध्ये. निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण पहिलीपासून इंग्रजी म्हणजे पहिलीपासून याद्या, असं त्याचं झालं. ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे. ‘आय लुक आफ्टर माय मदर.’ हे एक वाक्य मी उत्तरपत्रिकांमध्ये किती वेळा वाचलंय त्याला हिशेब नाही. मुलगा कुठला का असेना, वाक्य गाइडातलंच. गावात म्हातारी एकटी राहायला लागली की बायका विचारतात, “तिला कोण बघतं?” हे ‘बघणे’ म्हणजे ‘लुक आफ्टर’, डोळ्यांनी पाहण्यापासून निघून सांभाळण्यापर्यंत पोचलेलं, त्याच वाटेने. सोयरिकीसाठी मुलगी बघतात तेव्हा हेच क्रियापद तिसरीकडे जातं. मुलाला एवढं दाखवलं तर ‘लुक’चं ‘लुक आफ्टर’ कसं झालं हे त्याला पाठ करावं लागणार नाही, आणि ‘लुक’पासून निघालेलं पुढचं एखादं क्रियापद समोर आलं तर तो अंदाज तरी बांधेल.

अंदाज बांधणं महत्त्वाचं आहे. एका मुलाने ‘वी रॅन आउट ऑफ वॉटर’चा अर्थ लिहिला होता, ‘आम्ही पाण्यातून बाहेर पळालो.’ मी त्यावर लाल फुली मारली होती. आज मारणार नाही. त्याने ‘रन’ घेतलं, ‘आउट’ घेतलं आणि वाक्य उभं केलं. यादी पाठ करणाऱ्या मुलापेक्षा हा मुलगा भाषेच्या जास्त जवळ आहे. त्याला फक्त एक पाऊल पुढे न्यायचं होतं: पळणारी गोष्ट आम्ही आहोत की आमच्याजवळचा साठा? ‘महिना संपायच्या आत पैसे पळाले’ असं आपण म्हणतोच की. तिथून ‘रॅन आउट’ हाताला लागतं.

मराठवाड्यातल्या मुलांना शब्दशः आणि लाक्षणिक यांच्यातली ये-जा वेगळी शिकवावी लागत नाही, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. बोअर घेताना अख्खं गाव उभं राहतं आणि कुणीतरी ओरडतं, “पाणी लागलं!” भूक लागते, आग लागते, डोळा लागतो, नोकरी लागते. स्टँडवर बस लागते आणि घाटात एखाद्याला बस लागते, ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. आणि आता बारावीनंतर कट ऑफ लागतो. ‘कट ऑफ’ हे त्यांचं जोड-क्रियापद नाम होऊन आलं आणि आपण त्याला आपलं ‘लागणे’ जोडलं. निरोप समारंभाला मुलं ‘सेंड ऑफ’ म्हणतात. दवाखान्यात ‘चेकअप’ असतं, विजेच्या डीपीचा ‘ब्रेकडाउन’ असतो, माल न्यायला ‘पिकअप’ येते. ही सगळी मुलांच्या तोंडात आहेत. इंग्रजीच्या तासाला मात्र ‘चेक अप ऑन’ नवं म्हणून शिकवतात, कारण बाहेरच्या ‘चेकअप’शी त्याचं नातं कुणी जोडून देत नाही.

‘पिक अप’वरून एक गोष्ट सांगतो. बीड जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. जाण्याआधी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. उचलणे म्हणजे हाताने वर घेणे. ‘उचल’ म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या घामावर आधीच घेतलेले पैसे, जे हंगामात फिटले नाहीत तर पुढच्या वर्षीच्या मानेवर बसतात. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘कोयता’. “आमच्या तांड्यातून चाळीस कोयते गेले” म्हणजे ८० माणसं गेली. हातातल्या अवजाराचं नाव माणसालाच लागलं. मराठी व्याकरणात याला लक्षणा म्हणतात आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ हे ठरलेलं उदाहरण असतं. आमच्या मुलांना पानिपतापर्यंत जायची गरज नाही. लक्षणा त्यांच्या घरातून दर दिवाळीला निघते आणि होळीनंतर परत येते.

तर ‘पिक अप’. हाताने उचलणे हा पहिला अर्थ. मग कुणाला स्टँडवरून घेऊन येणे. धंदा पुन्हा वर येणे. आणि कुठेही न शिकता, कानावर पडून भाषा येणे: ‘पिक अप अ लँग्वेज’. मी वर्गात विचारलं, असं काही कुणी उचललंय का? त्याच मुलीने हात वर केला. बेळगावकडच्या कारखान्यावर दोन हंगाम काढले होते, तिला कन्नड येत होती. बाजारहाटापुरती, भांडणापुरती, पाणी मागण्यापुरती. कुणी यादी दिली नव्हती. ज्या मुलीला आम्ही इंग्रजीत ‘क’ श्रेणी देत होतो तिने एक आख्खी भाषा ‘पिक अप’ केली होती, आणि तिच्या शाळेला, म्हणजे मला, ते ठाऊक नव्हतं.

याच प्रांतातले पैठणचे नाथ. त्यांनी विंचवाचं भारूड रचलं आणि चार-साडेचारशे वर्षं माणसं ते ऐकतायत. अंगणात बसलेल्या अडाणी म्हातारीलाही हा विंचू भिंतीवरचा नव्हे, मनातला, हे समजावून सांगावं लागलं नाही. ज्या मातीत लाक्षणिक अर्थ इतका मुरलेला आहे तिथल्या मुलांना ‘ब्रेक डाउन’चा लाक्षणिक अर्थ जमत नाही, असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. मोटर बंद पडते, बोलणी फिसकटतात, पोराच्या मयतीनंतर आई कोसळते, आणि मुनीम खर्चाची फोड करून दाखवतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘ब्रेक डाउन’ येतं. यातली ‘फोड’ तर शब्दशः तीच आहे. आंब्याची फोड ज्याने खाल्ली त्याला खर्चाचं ‘ब्रेकडाउन’ समजायला वेळ लागू नये.

आता विरोधाचं बोलतो, कारण तो खरा आहे.

सगळ्यात जड आक्षेप माझ्या एका दलित मित्राने घेतला. तो म्हणाला, “मराठी मराठी करणाऱ्यांची पोरं कुठल्या शाळेत आहेत ते आधी बघ. इंग्रजी आमच्यासाठी दार आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं ते आम्ही दाराशी थांबावं म्हणून नाही.” मिलिंद महाविद्यालय १९५० चं. त्याच्या आधी या भागातल्या गरिबाच्या पोराला कॉलेजचं स्वप्नही परवडत नव्हतं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण हैदराबादला, आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. उर्दूतून विज्ञान आणि कायदा शिकवून दाखवणारं ते विद्यापीठ मोठंच. त्यासाठी १९१७ मध्ये भाषांतराचं वेगळं खातं काढलं होतं. पण मराठी घरातून येणाऱ्या मुलाला आधी उर्दूचा उंबरा ओलांडावा लागे, आणि तो ओलांडण्याआधीच बरेच जण परत फिरत. मित्राचं म्हणणं मला मान्य आहे. इंग्रजी कमी शिकवा, असं मी एका शब्दानेही म्हणत नाही. उलट आज आमच्या शाळांत जे चालतं त्यात मुलाला इंग्रजी येतच नाही, फक्त इंग्रजीची भीती येते. दार उघडं आहे असं सांगायचं आणि किल्ली मात्र पाठांतराच्या यादीत लपवायची, हा त्या मुलांवरचा दुसरा अन्याय आहे. ती किल्ली त्यांच्या बोलीत असेल तर तिथून काढून द्या.

दुसरं म्हणणं असं की मराठीतून इंग्रजी शिकलं की मुलं मराठी वाक्य उचलून इंग्रजीत ठेवतात. ‘माझं डोकं फिरलं’चं ‘माय हेड टर्न्ड’ करतात. करतात, मी रोज पाहतो. पण मराठी गप्प ठेवलेल्या वर्गातली मुलंही तेच करतात, कारण डोक्यातली मराठी बंद करायचं बटण कुणाकडे नसतं. ती मनातल्या मनात भाषांतर करतात आणि शिक्षकाला कळतही नाही कुठे घसरली. समोरासमोर ठेवलं की कुठे जुळतं, कुठे जुळत नाही हे बोलता येतं. आटवलेलं दूध ‘ड्राय अप’ होत नाही, हे त्या वर्गातली मुलं आता विसरणार नाहीत.

‘कानावर पडू द्या, आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: कुणाच्या कानावर, आणि कुठे? त्या मुलीला कन्नड आली कारण दुकानदार, शेजारी, भांडणारी पोरं सगळे कन्नड बोलत होते. आमच्या गावात इंग्रजी बोलणारं कुणी नाही. मीही तासापुरता बोलतो. मोबाइल आहे, पण तो बापाच्या खिशात आणि रिचार्ज आईच्या मजुरीत. तालुक्याच्या गावी काही खासगी शाळा आहेत जिथे मराठी शब्द तोंडून गेला की रुपया दंड पडतो. तिथली मुलं इंग्रजी जास्त बोलत नाहीत, एकूणच कमी बोलतात.

काय बदलता येईल? सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून करावी लागेल, कारण आमच्याकडे परीक्षेत नसलेलं वर्गात राहत नाही. दिलेला वाक्यांश वापरून स्वतःचं वाक्य करा, या प्रश्नाला गाइडातलं वाक्य लिहिलं तरी पूर्ण गुण मिळतात. त्याऐवजी उताऱ्यातलं वाक्य द्या, त्यातलं ‘ब्रेक डाउन’ मोटरचं आहे, आईचं आहे की हिशेबाचं, ते विचारा, आणि उत्तर मराठीतून लिहू द्या. हे काही जगावेगळं नाही. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत शेवटाला माध्यमभाषेत भाषांतर करायचा छोटा प्रश्न आजही आहे. मंडळाने खिडकी ठेवलेली आहे, ती मोठी करायची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण म्हटलंय. त्याचा अर्थ लावताना गणित-विज्ञानाचा विचार होतो. इंग्रजी हा विषयही मातृभाषेच्या आधाराने शिकवायचा असतो, हे कुणी बोलत नाही. मी गेलो त्या प्रत्येक प्रशिक्षणात इंग्रजीतूनच सांगितलं गेलं की तासाला फक्त इंग्रजी बोला. आम्ही माना डोलावल्या आणि गावी येऊन फळ्यावर याद्या लिहिल्या.

पाठ्यपुस्तकांना तर मराठवाड्याचं पाणीही चालेल. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ ला सकाळी लातूरला पोचली. १० वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यात धनेगावला, आणि त्या उन्हाळ्यात ते पुरतं कोरडं पडलं होतं. बाहेरचे इंग्रजी पत्रकार आले, त्यांनी लिहिलं धरण ‘ड्राइड अप’, टँकर ‘रॅन आउट’, लोकांनी काय काय ‘पुट अप विथ’ केलं. आमच्या मुलांच्या आयुष्यावर लिहिलेला परिच्छेद आमच्याच मुलांना वाचता येऊ नये? असे दोन परिच्छेद पुस्तकात घाला. वाक्यं त्यांची, दुष्काळ आमचा. मुलं ती वाक्यं सोडवतील, कारण आत काय आहे ते त्यांना आधीच माहीत असेल.

ऑगस्टमध्ये मी वर्गाला सांगितलं होतं की फळ्यावरचं एक क्रियापद घ्या आणि तुमच्या घरातलं वाक्य करा, गाइडातलं नको. त्या मुलीने वहीत लिहिलं: ‘व्हेन द मनी ड्राइज अप, माय फादर टेक्स उचल.’ ‘उचल’ तिने देवनागरीतच ठेवली होती. ‘ॲडव्हान्स’ लिहिता आलं असतं, मी तो शब्द सांगितलाही. ती म्हणाली, “ॲडव्हान्स फेडावा लागतो का सर, उचलीवानी?” मी शब्द तसाच राहू दिला.

आता ती आठवीत आहे आणि दिवाळी तोंडावर आलीय. मुकादमाची माणसं गावात दिसायला लागलीत. हंगामी वसतिगृहात मुलीला ठेवा म्हणून तिच्या आईबापाशी दोनदा बोललो, पण धाकट्याला सांभाळायला कुणी नाही, त्यामुळे ती जाईल असंच दिसतंय. मी तिला दोनशे पानी वही दिली आहे, प्रत्येक पानावर तीन रकाने आखून. मराठी, इंग्रजी आणि तिसरा कन्नडचा. आटणे, लागणे, काढणे, बघणे, टाकणे एवढी क्रियापदं पहिल्या पाच पानांवर घालून दिलीत. तिकडे विहीर आटली की काय म्हणतात, ते पहिल्यांदा लिहून आण, असं सांगितलंय.